चौघींची जवारी

"शैलजा, ह्या बेसूर झाल्यात," हमीदाआपा दारातूनच म्हणाल्या. अजून चपला काढायच्या होत्या, काठी भिंतीला टेकवायची होती, रिक्षावाल्याला थांब म्हणून सांगायचं होतं. पण पहिलं वाक्य हे.

"आपा, आधी बसा. पाणी घ्या."

"पाणी घरीबी हाय. ह्या बेसूर झाल्यात."

झालेल्या नव्हत्या. चौघी, म्हणजे आपांनीच बांधलेली चार वाद्यं, त्या दिवशी इतक्या सुरेल होत्या की कोल्हापूरहून आलेला एक गवई तासभर भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. हे आपांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि आमच्याकडे अशी नकोशी कामं फिरून फिरून माझ्याच गळ्यात येतात.

मी मिरजेच्या विद्युत-ध्वनी संग्रहालयात जतनाचं काम करते. जतन म्हणजे काय, तर मरायला टेकलेल्या वस्तूंची सेवा. बाकीच्या संग्रहालयांत मूर्ती असतात, नाणी असतात, तलवारी असतात. त्या बिचाऱ्या गप पडून राहतात. आमच्याकडे सगळ्याला वीज लागते, आणि वीज लागते ते सगळं बिघडतं. जुन्या टेपांचा चिकटा सुटतो, मग त्या मंद आचेवर भाजून घ्यायच्या आणि पुन्हा चिकट व्हायच्या आत वाजवून उतरवून घ्यायच्या. बॅटऱ्या फुगतात. पडदे पिवळे पडतात. एका कलाकृतीचा पासवर्ड ज्याला माहीत होता तो माणूस वारला. तेव्हापासून ती पडद्यावर नुसतं 'स्वागत आहे' दाखवते आणि लोक तीच कलाकृती समजून समोर उभे राहतात. मी कुणाला काही सांगत नाही. दमले मी सांगून सांगून.

त्या सगळ्यात चौघींचा मला लळा होता. हमीदा शिकलगार म्हणजे तंबोरे करणाऱ्या घरातली मुलगी. त्या काळी दुकानात बायका बसत नसत, म्हणून तिनं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला, लोकांचे रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर उघडले, आणि तिशीत कधीतरी या चौघी बांधल्या. तूनच्या लाकडाची, कमरेइतक्या उंचीची चार कपाटं. भोपळा नाही, तारा नाहीत. एकातून पंचम येतो, दोघींतून जोडीचा षड्ज, चौथीतून खर्ज. मधोमध बसलं की आपण तंबोऱ्याच्या पोटात बसलोय असं वाटतं.

तंबोरा नुसता सूर देत नाही, त्याच्या सुरातून बारीक झंकार निघतो. तार घोडीवर टेकते तिथं घोडीला अगदी किंचित उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते आणि एका सुरातून वरचे वीसतीस सूर फुटतात. तीच जवारी. आपांनी ते घासणं विजेत आणलं होतं. साधे डायोड, सुराची लाट किंचित छाटणारे, किती छाटायची ते ठरवणारा एकेक स्क्रू, आणि शेजारी सूर चढवायला-उतरवायला दुसरा. पण घोडी झिजते तसेच हे भागही म्हातारे होतात. कपॅसिटर सुकतात, उन्हाळ्यात सूर सरकतो. तंबोऱ्याची जवारी बिघडली की कारागीर कानशीनं घोडी घासून ती पुन्हा काढून देतो. आपांच्या गल्लीत वाद्य एकदा केलं आणि संपलं असं कुणी म्हणत नाही, ते जन्मभर दुकानात येत राहतं. आपाही पंधरावीस दिवसांनी पेचकस घेऊन यायच्या आणि चौघींची जवारी काढून जायच्या.

मग संग्रहालयानं चौघी विकत घेतल्या आणि वारस आला.

आमचे संचालक डॉ. आठल्ये वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं पुढच्या शंभर वर्षांचं पडलेलं असतं. ते म्हणाले, कलाकार गेल्यावर काय? स्क्रू किती फिरवला याची नोंद ठेवून भागत नाही, कारण भाग बदलला की तोच स्क्रू वेगळं वाजतो. शिकायचं ते हे, की आपा कुठं थांबतात. वारस म्हणजे ऐकून ऐकून शिकणारा संगणक, तो ते शिकला. खोलीत चार माइक आणि प्रत्येक स्क्रूवर नखाएवढी मोटर. आपा जवारी काढायला बसल्या की तो ऐकायचा. काय वाजत होतं तेव्हा त्यांनी हात घातला, कुठवर नेलं, कुठं परत आल्या, कुठं सोडलं. अशा कित्येक बैठका. शेवटी त्याच्यात आपांचा एक कान तयार झाला. सुरुवातीला दोघांची परीक्षा घेतली, एका दिवशी आपा, एका दिवशी वारस. कुठली जवारी कुणाची ते आपांना स्वतःलाच ओळखता येईना. त्या खूश झाल्या, लोकांना सांगत सुटल्या की मला जुळी बहीण झाली. आणि करारावर सही केली की यापुढे जवारी वारसच काढेल, माणसाचा हात लागणार नाही, त्यांचासुद्धा.

तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. आता ऐंशी ओलांडली होती. वारसाचा कान मात्र साठीतच होता.

"बेसूर नाहीत आपा," मी शेवटी सांगून टाकलं. "तुमचे कान थकलेत."

हे शास्त्र मला पाठ आहे. कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारख्या पेशी. तोंडाशी असतात त्या वरचे, बारीक सूर ऐकतात, आणि वय झालं की आधी त्याच मरतात. खर्ज ऐकू येत राहतो, झंकार जातो. आपांना चौघींचा आवाज येत होता, जवारी येत नव्हती. सूर तेवढा राहिला होता, मुका.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाद्य कुणासाठी लावत्यात? ऐकणाऱ्यासाठी का भिंतीसाठी?"

"बाकीचे ऐकतात की."

"बाकीच्यांनी केल्यात व्हय ह्या?"

मी चहा सांगितला.

पुढचं त्यांनी चहा पिताना सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. पोटात गाठ होती, पसरली होती, डॉक्टरांनी आता काही करू नका म्हटलं होतं. औषधांनी कानही झपाट्यानं चालले होते. "मला एकदा माझ्या हातानं काढू दे," त्या म्हणाल्या. "एकदाच. मला ऐकू येतील अशा. मग मी तुला तरास द्यायची न्हाई."

मी आपांच्या लेकाला फोन लावला, कारण करारावर साक्षीदार म्हणून त्याचीही सही होती. यासीन मस्कतला एसीच्या कंपनीत होता, कित्येक वर्षं तिकडेच. त्यानं ऐकून घेतलं आणि स्पष्ट नाही म्हणाला. "मावशी, अम्मीला आता वरचं काही ऐकू येत नाही. ती सगळं फाडून ठेवेल. मी सुट्टीवर आलो की तिथंच बसतो, माहितीये ना तुम्हाला? ती धडधाकट होती तेव्हाची तिथं आहे. तेवढी तरी राहू द्या मला."

मी म्हटलं, "अरे, ती इथं माझ्या समोर बसलीये." फोनमध्ये नुसता कुठल्यातरी यंत्राचा घरघराट येत राहिला.

मला दोघांचाही राग आला. एकाला आई हवी होती पण वीस वर्षांपूर्वीची, आणि दुसरीला स्वतःच्याच कामाला हात लावायला माझी परवानगी मागावी लागत होती. सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला, कारण आत कुठंतरी मलाही वाटत होतं की नको, चौघी इतक्या छान वाजतायत.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी आठल्येंना सकाळीच फोन केला. "सर, मी आज वारसाच्या मोटरी सोडवून आपांना बसवणार आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

ते अर्ध्या तासात आले. खोलीच्या दारात उभे राहून बराच वेळ आपांकडे बघत होते. मग म्हणाले, "मगदूम मॅडम, एकच अट. नोंद झाली पाहिजे. माइक चालू राहू देत, आणि ही कलाकाराची रीतसर बैठक म्हणून वारसात जाऊ दे. आपल्याकडे कुणाचाही हात लागला तर त्याची नोंद होते. लपवाछपवी नको."

मला ते रास्त वाटलं. आमच्या धंद्यात बिननोंदीचा स्पर्श म्हणजे पाप. आम्ही दोघांनी मिळून माइक तपासले.

आपांचा हात थरथरत होता. पेचकस खाचेत बसेना, मी धरून बसवला. मग मात्र हात सरळ झाला. पंचम आधी. त्या फिरवत गेल्या आणि झंकार वाढत गेला, गोड होता तो तिखट झाला, तिखट होता तो कढईत पाण्याचे थेंब पडल्यासारखा तडतडायला लागला. आठल्येंनी कानावर हात नेला आणि लाजून खाली घेतला. आपा थांबल्या नाहीत. एकेक करून चौघी त्यांनी तशाच लावल्या. माझे दात शिवशिवत होते.

मग त्यांनी पेचकस मांडीवर ठेवला. "हां. आता बोलाय लागल्या."

त्या रडत होत्या, पण चेहरा असा मोकळा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. दुपारपर्यंत तिथंच बसल्या. मी शेजारी बसले. कान फाटत होते माझे, पण उठवेना.

पंधरवड्यात त्या गेल्या. यासीन मातीला पोचला नाही, दुसऱ्या दिवशी आला.

मोटरी पुन्हा जोडल्या तेव्हा आम्हाला वाटलं होतं, वारस आता चौघींना पूर्वीच्या जागी आणेल. आणलं नाही. आठवड्याभरानं मोटरी फिरल्या त्या आणखी वर. पुढच्या आठवड्यात आणखी. वारसाची देखभाल करणाऱ्या मुलीला पुण्याहून बोलावलं. तिनं दिवसभर आकडे पाहिले आणि संध्याकाळी अवघडून सांगितलं. वारसाकडं तोवर आपांच्या सगळ्या बैठका एका वयातल्या होत्या, त्यामुळं त्याला कान म्हणजे न बदलणारी वस्तू वाटत होती. शेवटच्या बैठकीनं त्याला कळलं की हा कान बदलतो. दोन टोकं मिळाल्यावर त्यानं मधे रेघ ओढली, आणि रेघ पुढं चालवली. आजारपणात कान झपाट्यानं गेले होते, ते त्याला वय वाटलं. "तो चुकत नाहीये मॅडम," ती म्हणाली. "बाई आज असत्या तर त्यांनी कुठं थांबवलं असतं, तेच तो काढतोय. फक्त त्याच्या हिशोबात त्या भराभर म्हाताऱ्या होतायत."

म्हणजे आपा गेल्या होत्या, आणि आमच्या खोलीत त्यांचं वय वाढत होतं. नोंद करायची म्हणून आम्हीच तर हे त्याच्या हातात दिलं होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसानं माइक बंद केले असते.

यासीन शुक्रवारी नमाजानंतर आला. खोलीत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर. "मावशी, हे काय करून ठेवलंय? ही माझी अम्मी नाही. जुनं लावा परत."

"तुझी अम्मी शेवटी कशी होती ते तुला कुठं ठाऊक?" मी म्हणाले. "तू फोनवर होतास."

जीभ चावली मी, पण बोलून गेले होते. त्याचं तोंड पडलं. मला वाटलं आता हा भांडेल, नाहीतर निघून जाईल. तो म्हणाला, "तिनं हे कधी केलं?" मी सांगितलं, सगळं, थरथरणाऱ्या हातापासून. तो परत आत गेला आणि संग्रहालय बंद होईपर्यंत बसला.

तो मस्कतला परत गेलाच नाही. दर शुक्रवारी यायचा. चौघी दिवसेंदिवस कर्कश होत होत्या. रियाजाला येणारे यायचे बंद झाले. शाळेच्या सहली दारातून परत फिरायच्या, बाई मुलांना कान झाकायला सांगायच्या. तक्रारी आल्या की आठल्ये त्या माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. यासीन मात्र बसायचा. एकदा बाहेर येताना म्हणाला, "आज लई म्हातारी झाली मावशी," आणि डोळे पुसले. मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली. दुसरं काय देणार.

पावसाळा संपता संपता मोटरी रोज फिरायला लागल्या. पुढे, मागे, पुढे. स्क्रू शेवटाला टेकले होते, आता वर जायला जागा नव्हती. माणूस कानावर हात धरून 'काय म्हणालास?' असं पुन्हा पुन्हा विचारतो, तसं ते चाललं होतं.

मग एका मंगळवारी काहीच झालं नाही. बुधवारी नाही. मी मोटरी तपासल्या, चालू होत्या. वारसाला विचारलं, तेव्हा पडद्यावर त्यानं साध्या शब्दांत कारण दिलं. कलाकाराला आता स्क्रू फिरवल्यानं फरक ऐकू येणार नाही. अशा अवस्थेत कलाकार जवारी काढायला येणार नाही.

मी खुर्चीवर बसले आणि रडले. आपा गेल्या तेव्हा रडले नव्हते. तेव्हा करारपत्रं होती, वर्तमानपत्रांचे फोन होते, माइकच्या वायरी गुंडाळायच्या होत्या. या दोन ओळींनी मात्र मी मोडले. येणार नाहीत. आता कुठल्याच हिशोबात त्या येणार नाहीत.

शुक्रवारी आठल्येंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. कपाटं तशीच किंचाळत होती, वर आता हवा बदलल्यामुळं जोडीचे दोन षड्ज एकमेकांपासून सुटले होते आणि मधे भोंग्यासारखी लाट येत होती. आता खरोखरच बेसूर. आठल्ये म्हणाले, "ती एक बैठक वारसातून काढून टाकली की साठीतल्या हमीदाबाई परत येतात. पूर्वीसारखं सगळं. पाच मिनिटांचं काम आहे. यासीन, तुमची तर हीच इच्छा होती."

मी यासीनकडे बघितलं. तो हो म्हणाला असता तर मी भांडले नसते. खरंच सांगते, ताकदच नव्हती.

"नको सर," तो म्हणाला. "ती म्हातारी झालेली मी बघितली नव्हती. आता बघितली. परत तरणी कशाला करता?"

आठल्ये माझ्याकडे वळले. "मग जवारी काढणार कोण? अशी ठेवता येणार नाही. बंद करून काचेत ठेवायची तर तसं सांगा."

"बंद करू नका," मी म्हणाले. "वारस बंद करा. मी सही करते."

"आणि लावायचं कुणी?"

मग यासीननं माझ्याकडे हात पुढे केला. "मी बघू का? मला येत नाही. आज्ज्यानं कानशीला हात लावू दिला नाही, नंतर मीच लावला नाही."

"वाईट लागेल," मी म्हटलं.

"लागंल."

मी मोटरी सोडवल्या आणि पेचकस त्याच्या हातात दिला. माइकही काढले, त्याबद्दल आठल्येंनी काही विचारलं नाही. यासीन जमिनीवर मांडी घालून बसला. पंचम उतरवताना तो एकदम फार खाली गेला, परत वर आला, पुन्हा चुकला. पंख्यांच्या आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात गेलेला त्याचा कान, त्याला कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. दुपारची वेळ झाली, दाराबाहेर माणसं जमली, पहारेकरी त्यांना थांबा म्हणत होता. जोडीचे षड्ज जवळ आले, लाट संथ होत गेली आणि विरली. यासीननं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी काही सांगायच्या आत पेचकस खाली ठेवला.

खर्ज अजून थोडा उतरलेला होता. जवारी मला हवी त्यापेक्षा बंद होती. तरी मी दार उघडलं आणि ताटकळलेल्या माणसांना आत घेतलं.